तीन सेंटिमीटरचा हिशेब : कमी खर्चात गाडी खाली घेताना

मोटारीची बॉडी चार स्प्रिंगांवर तोललेली असते. या स्प्रिंग आखूड किंवा वेगळ्या घडणीच्या बसवून बॉडी जमिनीच्या जवळ आणली की गाडी ‘खाली घेतली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात. चाके जागच्या जागीच राहतात. मडगार्ड आणि टायर यांमधली फट कमी होते, गाडी रुंद आणि बसकी दिसते, वळणावर कमी झुकते. काम वरकरणी सोपे आहे आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये ग्राइंडरच्या एका फटक्यात उरकणारेही मिळतात. पण सस्पेन्शन हे एकमेकांत गुंतलेल्या भागांचे यंत्र आहे. उंची बदलली की चाकाचा कोन, शॉकअॅब्झॉर्बरची चाल, ब्रेकचा तोल आणि दिव्यांचा झोत हे सगळेच थोडेथोडे बदलते. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे या गुंतागुंतीवरून ठरते.

फायदा नेमका किती

वळण घेताना गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: गाडीचे वजन आणि वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची, आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. १,००० किलोची छोटी गाडी घेतली, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि चाकांमधले अंतर १४८ सेंटिमीटर धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचे वळण घेताना सुमारे १८६ किलो भार बाहेर सरकतो. तीच गाडी ३ सेंटिमीटर खाली घेतली तर हा आकडा १७६ होतो. म्हणजे सुधारणा पाच-साडेपाच टक्क्यांची. वेगवान रस्त्यावर तळाखालून जाणारी हवाही थोडी कमी होते. फायदा खरा आहे, पण माफक आहे.

जास्त खाली घेतल्याने तो त्याच प्रमाणात वाढत नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात घडवलेल्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअॅब्झॉर्बर एकाच उभ्या नळीवर बसतात आणि खाली एकच लोअर आर्म असतो. बॉडी फार खाली आली की हा आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो. अशा वेळी गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो आणि दोहोंमधले अंतर उलट वाढते. परिणामी फार खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर, वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू शकते.

मांडवीचा रस्ता आणि द्रुतगती मार्ग

किती खाली घ्यायचे याचे उत्तर गाडी कुठे चालणार यावर आहे. बडोद्याचे उदाहरण बोलके आहे. जुन्या कोटाच्या चार दरवाज्यांचे, म्हणजे लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट यांचे रस्ते मधोमध मांडवीच्या चौकोनी वास्तूपाशी मिळतात. आजूबाजूला घडियाळी पोळीसारख्या पोळी, म्हणजे जुन्या दाट वस्त्या, अरुंद गल्ल्या, गटारांची उंचसखल झाकणे, पोळीच्या तोंडाशी चढ आणि रहिवाशांनी स्वतःच घातलेले बम्प. याच शहराच्या उत्तरेकडून अहमदाबादला जाणारा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग मात्र सपाट आहे. दिवसा मांडवीत आणि रविवारी द्रुतगती मार्गावर धावणारी गाडी एकच असते, आणि तिची उंची मांडवीच्या हिशेबानेच ठरवावी लागते.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. मारुती स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.४५ मीटर आणि जमिनीपासून तळाची उंची १६.३ सेंटिमीटर. चारही चाके अशा गतिरोधकावर असताना त्याचा माथा चाकांच्या टेकूच्या रेषेपेक्षा साधारण ४.४ सेंटिमीटर वर येतो. मोकळ्या गाडीखाली तेव्हा ११.९ सेंटिमीटर जागा उरते. गाडी ३ सेंटिमीटर खाली घेतली तर ८.९. चार माणसे आणि सामान बसून तळ आणखी ३ सेंटिमीटर दबला तर ५.९. ही जागा पुरेशी आहे. तीच गाडी ६ सेंटिमीटर खाली घेतली तर भरल्या गाडीखाली ३ सेंटिमीटरही उरत नाहीत, आणि गाडीने जरा उसळी खाल्ली की ऑइल चेंबर घासलाच.

हे झाले मानकातल्या गतिरोधकाचे. गल्लीतला डांबराचा किंवा सिमेंटचा बम्प अर्धा मीटरही रुंद नसतो. तो संपूर्ण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये मावतो आणि त्याची सगळी उंची तळाच्या वाट्याला येते. १२ सेंटिमीटरचा असा बम्प मूळ उंचीच्या मोकळ्या स्विफ्टखाली ४.३ सेंटिमीटर जागा ठेवतो. ३ सेंटिमीटर खाली घेतलेल्या गाडीखाली १.३ सेंटिमीटर, आणि त्यात माणसे बसली की काहीच नाही. तळाचा सर्वांत खालचा भाग बरोबर मध्यावर असतोच असे नाही, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला ३ सेंटिमीटर ही वरची मर्यादा का मानावी, ते यातून कळते. पावसाळ्याचाही विचार हवा. विश्वामित्री नदीच्या पुराने ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याचे मोठे भाग पाण्याखाली गेले होते. गाडी जितकी खाली, तितके इंजिनात हवा खेचणारे तोंडही खाली, आणि तेथून पाणी आत शिरले की इंजिन निकामी होऊ शकते.

स्प्रिंग कापण्याची किंमत

कमी खर्चाचा म्हणून सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे मूळ स्प्रिंगचा एखाददुसरा वेढा कापणे. यात काय घडते ते एका उदाहरणाने पाहता येईल. एका स्प्रिंगला काम करणारे सहा वेढे आहेत, मोकळी लांबी ३५ सेंटिमीटर आहे, गाडीच्या भाराखाली ती दबून २० सेंटिमीटर होते, आणि जॅकवर चाक पूर्ण लोंबकळले की तिला २८ सेंटिमीटर जागा मिळते, असे समजू.

एक वेढा कापला की मोकळी लांबी सुमारे २९.२ सेंटिमीटर होते. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. सहाचे पाच झाले तर बरोबर २० टक्क्यांनी. त्यामुळे ती पूर्वी १५ सेंटिमीटर दबायची ती आता १२.५ दबते. गाडी प्रत्यक्षात ३.३ सेंटिमीटर खाली येते. चाक लोंबकळले तरी स्प्रिंग जेमतेम १.२ सेंटिमीटर दबलेली राहते, म्हणजे आपल्या बैठकीतून सुटत नाही, पण अगदी काठावर. दोन वेढे कापले की मोकळी लांबी २३.३ सेंटिमीटर उरते, तर जागा २८ सेंटिमीटर. खड्ड्यावरून उडताना किंवा चाक बदलताना स्प्रिंग ४.७ सेंटिमीटरने सैल होते, बैठकीतून सरकते, आणि गाडी पुन्हा टेकताना तिरकी बसू शकते. शॉकची नळी, ब्रेकचा होज किंवा टायर तिच्या तडाख्यात सापडतो. दोन वेढ्यांनी गाडी ६.७ सेंटिमीटर खाली जाते आणि स्प्रिंग मूळच्या दीडपट कडक होते. दिसायला रुबाबदार, पण ब्रेक लावून वळताना बेभरवशाची.

कापण्याला आणखी एक मर्यादा आहे. काही स्प्रिंगांचे टोक मोकळे सुटलेले असते, तर काहींचे शेवटचे वेढे आवळून लहान केलेले असतात आणि बैठकीची वाटी त्याच मापाची असते. दुसऱ्या प्रकारची स्प्रिंग कापली तर कापलेले टोक वाटीत बसतच नाही.

गॅस कटरने वेढे तापवून स्प्रिंग ‘बसवणे’ याहून वाईट. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून, मग पुन्हा मर्यादित उष्णता देऊन तयार केलेले असते. ज्वाळा लागली की पोलादाचे पाणी उतरते. तो भाग मऊ पडतो, डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही, आणि काही महिन्यांनी एखादा वेढा तुटतो. वेढे एकत्र आवळून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपाही टाळाव्यात. त्या स्प्रिंगवर ओरखडे पाडतात, तडे तिथूनच सुरू होतात, आणि क्लिप सुटली तर एका क्षणात एका कोपऱ्याची उंची बदलते.

कोणता मार्ग धरावा

कमी खर्चात सर्वांत समंजस मार्ग म्हणजे त्या मॉडेलसाठी बनवलेल्या, २५ ते ३० मिलिमीटर उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगांचा पूर्ण संच. चांगल्या संचात मोकळी लांबी अशी ठेवलेली असते की चाक लोंबकळले तरी स्प्रिंग बैठकीत दबलेली राहते. चाल कमी झाल्याची भरपाई करण्यापुरता कडकपणा वाढवलेला असतो. तो तारेच्या जाडीवर फार अवलंबून असतो: १२ मिलिमीटरच्या जागी १२.६ मिलिमीटरची तार वापरली, म्हणजे जाडी पाचच टक्क्यांनी वाढवली, तरी कडकपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच मापाचा कागद नसलेली, कुठल्याशा गाडीची ‘साधारण तशीच’ दिसणारी भंगारातली स्प्रिंग घेणे धोक्याचे. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर संच याहून बरेच महाग पडतात, आणि रोजच्या गाडीला त्यांच्या सोयीचा फारसा उपयोग नसतो.

शॉकअॅब्झॉर्बर जुने झाले असतील तर त्यांचा खर्च स्प्रिंगच्या खर्चातच धरावा. कडक स्प्रिंग परत उसळताना जास्त जोर लावते आणि तो आवरण्याचे काम शॉकचे असते. तेल गळणाऱ्या शॉकवर नवी स्प्रिंग बसवली तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर झुलत राहते. शिवाय गाडी खाली आली की शॉकचा दांडा आधीच आत गेलेला असतो. त्यावरचा रबरी बम्पस्टॉप स्प्रिंगच्या उत्पादकाने सांगितले असेल तेवढाच कापावा. तो काढून टाकला तर धातूवर धातू आपटतो.

टायरची उंची कमी करणे हा आणखी स्वस्त वाटणारा उपाय. १८५/६५ आर१५च्या जागी १९५/५५ आर१५ टायर घातला तर व्यास २६ मिलिमीटरने घटतो आणि गाडी १३ मिलिमीटर खाली येते. मात्र स्पीडोमीटर सुमारे चार टक्के जास्त वेग दाखवू लागतो, आणि पहिल्या टायरची भारक्षमता सर्वसाधारणपणे ५६० किलो असते तिथे दुसऱ्याची ५१५ किलोच असते. भारक्षमता मूळपेक्षा कमी असलेला टायर घालू नये. शिवाय टायरची भिंत आखूड झाली की खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता वाढते.

जुन्या गाड्यांची रचना वेगळी असते. हिंदुस्तान मोटर्सची स्थापना १९४२ साली ओखा बंदरात झाली, आणि ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होते. पुढे याच कंपनीने बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवलेल्या जुन्या अँबेसिडरला पुढे गोल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा असे, आणि मागे पाटे. प्रीमियर पद्मिनीलाही मागे पाटेच होते. अशा गाडीत दांड्याची बैठक फिरवून किंवा पाट्यांची कमान कमी करून उंची बदलता येते. हे काम पाटे बनवणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच करावे. पाटा गॅसने तापवून सरळ करणे हाही स्प्रिंग तापवण्याइतकाच चुकीचा प्रकार आहे.

प्रत्यक्ष काम

सुरुवात तपासणीने करावी. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचा वरचा माउंट आणि बेअरिंग ढिले असतील तर आधी बदलावेत. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. काम झाल्यावर याच मापांवरून गाडी किती आणि सारखी बसली का ते कळते.

सर्वांत धोकादायक टप्पा स्ट्रट उघडण्याचा. स्ट्रटमधली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दबलेली असते. समोरासमोर लावलेल्या दोन मजबूत कॉम्प्रेसरने ती आवळून, वरच्या बैठकीवरचा दाब पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच दांड्यावरचा मधला नट सोडावा. तो आधी सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. दोरीने बांधून किंवा एकाच कॉम्प्रेसरवर हे काम करणारे गॅरेज टाळावे. गाडी फक्त जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. घोड्या लावून त्यावर बॉडीचा भार टेकवावा. स्प्रिंग नेहमी एका धुरीच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदलाव्यात. एकदा सोडलेले लॉकनट पुन्हा न वापरता नवे घालावेत आणि टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाने आवळावेत.

एक बारकावा बऱ्याच गॅरेजमध्ये सुटतो. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना घट्ट केले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. बुश काही महिन्यांत फाटतात. हे बोल्ट आधी ढिले ठेवून, गाडी चाकांवर टेकवून तिचा भार आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. यासाठी नवा पैसा लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचा वरचा भाग आत कलतो आणि टो, म्हणजे चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळण्याचा कोन, बदलतो. टो चुकीचा राहिला तर टायर आतल्या बाजूने झिजतो आणि नवे टायर काही हजार किलोमीटरांत टाकून द्यावे लागतात. स्प्रिंगवर वाचवलेले पैसे तिथेच जातात. बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या बीमला असे कोन बदलण्याची सोय नसते, म्हणून मागची बाजू जास्त खाली घेऊ नये. दिव्यांचा झोत भिंतीवर पाहून पुन्हा बसवावा. जुन्या व्हॅन आणि काही गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकचा दाब बॉडीच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आली की त्याला ती भरलेली वाटते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मग जोराच्या ब्रेकला मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्यावा. समोरचा कॅमेरा किंवा रडार असलेल्या नव्या गाड्यांत त्यांची जुळणीही तपासून घ्यावी लागते.

नव्या स्प्रिंग सुरुवातीच्या वापरात किंचित बसतात. त्यामुळे ५०० किलोमीटरनंतर नट, उंचीची मापे आणि अलाइनमेंट पुन्हा तपासावी. पूर्ण सुकाणू दोन्ही बाजूंना फिरवून, गाडीत माणसे बसवून टायर मडगार्डला कुठे घासतो का हेही पाहावे. मूळ स्प्रिंग विकून टाकू नयेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम करण्याआधी जीजे-०६ क्रमांकाच्या बडोदे आरटीओकडे, किंवा गाडी जिथे नोंदली असेल त्या कार्यालयाकडे, लेखी विचारणा करावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न सांगितलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचण ठरतो. वॉरंटीतल्या गाडीचा मूळ सस्पेन्शनवरचा दावाही बदलामुळे जाऊ शकतो.

पैसे कुठे, काटकसर कुठे

काटकसर दिसण्यापुरत्या गोष्टींत करावी: महागडे कॉइलओव्हर, मोठ्या रिम, परदेशी नावाचे स्टिकर. स्प्रिंगचा संच, चांगले शॉक, नवे नट आणि बुश, आणि अलाइनमेंट यांत नाही. एवढा खर्च आज झेपत नसेल तर उंचीला हातच लावू नये. झिजलेले बुश आणि शॉक बदलून, योग्य भारक्षमतेचे चांगले टायर घालून, हवेचा दाब आणि अलाइनमेंट नीट ठेवून मूळ उंचीच्या गाडीतही वळणावरची स्थिरता पुष्कळ परत मिळते. मांडवीसारख्या गजबजलेल्या भागात रोज फिरणाऱ्या, चार माणसे वाहणाऱ्या गाडीने जास्तीत जास्त ३ सेंटिमीटर खाली यावे, तेही तिच्यासाठी बनलेल्या स्प्रिंगवर आणि कायदेशीर खात्री केल्यावरच. कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.